काळा ठिपका

नम्रताने पडद्यावरच्या काळ्या ठिपक्याभोवती बोट फिरवलं.

“सदूकाका, सहा महिन्यांपूर्वी डोक्यात सोडलेल्या पेशी या. तेव्हा इथे होत्या. आता बघा, जखमेच्या कडेला दिसतायत.”

सदू तांडेल खुर्चीतून पुढे झुकला. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला मेंदूतली जखम भरायला पेशी सोडण्याच्या नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं होतं. डोक्याची चित्रं मात्र इथे रत्नागिरीतच, नम्रताच्या यंत्रावर निघत. नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस उरले होते. हात परतणार असेल तर पूर्णगडची त्याची होडी त्याच्यासाठी थांबणार होती. नाहीतर सुकाणू धरायला मुलगा सर्वेश दुसरा तांडेल ठेवणार होता.

“एवढ्याशा पेशी दिसतात कशा गो?”

“आत लोहाचे बारीक कण भरलेत. लोह असतं तिथे चित्र काळं पडतं.”

“म्हंजे जाळ्याला तरंगता बोया बांधतो, तसा बांधून सोडल्यात!” सदू हसला. हसताना ओठाची उजवी कड मागेच राहिली.

“अगदी तसंच.”

तो बराच वेळ ठिपका न्याहाळत राहिला.

“बाय, एक इचारू? गेल्या साली ट्रॉलरनं माझं जाळं फाडून नेलं. बोया दोन दिवस तसाच डुलत होता. आम्ही लांबून बघून म्हणतोय, जाळं जाग्यावर हाय.”

नम्रताचं बोट पडद्यावरून खाली आलं.

“पेशी मेल्या तरी लोह उरतं,” ती म्हणाली. “तिथल्या दुसऱ्या पेशी ते गिळतात. तेव्हाही ठिपका असाच दिसतो.”

“मग यो कुठला?”

“नुसत्या चित्रावरून नाही सांगता येत, काका.”

“मुंबईवाल्यांना?”

“तेही हेच शोधतायत.”

बाहेर बाकावर त्याची बायको यमुनाबाई फोन कानाला लावून बसली होती.

“अवो, सर्वेश इचारतोय. दिसलं काय?”

“दिसलं. त्याला सांग, यंदा दुसरा तांडेल बघ.”

तिचा चेहरा पडला. “मेल्या काय त्या?”

“कुणालाच ठाऊक नाय. माझ्या डोक्यात काय चाललंय ते मुंबईच्या डॉक्टरला पण ठाऊक नाय!”

“आनी तुम्ही हसताय?”

तो वळला आणि डाव्या हाताने दार लोटून त्याने आत डोकं घातलं.

“बाय, पुढची तारीख लिहून दे. गर्दी नसंल अशी दे. मला बरंच इचारायचं हाय.”