पितळी पाटीचा गालिचा

"मानवी संस्कृती गाठींवर उभी आहे!" असे जाहीर करून प्रेमराज सर गुडघ्यांवर बसले. गुडघा असा वाजला की अंगणातली कोंबडी बाजूला सरली.

समोर कॉकेशस पर्वताकडचा, शंभर-सव्वाशे वर्षांचा हातविणीचा गालिचा पसरला होता. अमळनेरजवळ मळा असलेल्या मगनआबांच्या वडिलांनी तो एका तेलगिरणीच्या बंगल्याच्या लिलावात घेतला होता. आबांचा मुलगा किरण सरांचा जुना विद्यार्थी. सरांनी गालिचा अस्सल ठरवला, तर तो काचेच्या चौकटीत दिवाणखान्यात लागणार होता आणि खाली पितळी पाटी : 'परीक्षण – प्रा. प्रेमराज'. छत्तीस वर्षे इतिहास शिकवून सरांचे नाव स्टाफरूमच्या कपाटाखेरीज कुठे लागले नव्हते. या पाटीची बातमी त्यांनी आपल्या राहत्या देवपूरभर, दूधवाल्यासकट, आधीच पोचवली होती.

सरांनी कोपरा उलटला, भिंग लावले. गाठी मोजल्या, मध्येच चुकले, पुन्हा मोजल्या.

"ताणा लोकरीचा. लाल रंग मंजिष्ठेचा. लिही किरण, अस्सल!"

किरण मोबाइलवर लिहू लागला. सरांना चेव आला.

"हा तपकिरी डाग पाहिलास? घोडेस्वाराचं रक्त."

"तेल शे ते, भरीतनं," चुलीपाशी वांगी भाजणाऱ्या सुंदरबाई, किरणची आई, म्हणाल्या. "किरणना मामानी ताट सांडं व्हतं."

सरांनी भिंग दोन बोटे पुढे सरकवले. "आणि हे भोक? बंदुकीची गोळी."

"कपाशीनी पऱ्हाटीना निखारा. वांगा भाजतांना उडना."

"अक्का, इतिहास असा चुलीपाशी बसून कळत नाही."

"बठ्ठा, सगळा इतिहास आठेच, या गालिचावर जेवी गया, सर."

आबा खोकल्याआड हसले. किरणचा अंगठा पुसायच्या खुणेवर गेला.

"रक्त खोड," सर घाईने म्हणाले. "गोळीही खोड. पण अस्सल राहू दे. गाठी खोटं बोलत नाहीत!"

गालिचा खरोखरच अस्सल होता. दिवसभरात सर एवढ्या एकाच बाबतीत बरोबर होते, आणि नेमके तेच ऐकायला कुणी मोकळे नव्हते.

"मग आई, चौकट सांगून टाकू?" किरणने विचारले.

"सांग ना. आज भरीत खावाले वीस माणसे येणार शेतस. त्यास्ले भिंतवर बसाडशी का?"

किरणने आबांकडे पाहिले. आबांनी वांग्यांकडे पाहिले. चौकटीचा निकाल लागला.

"पाटी तरी..." सर पुटपुटले.

"बघू, सर," किरण म्हणाला. त्याच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी सर आबांना नेमके हेच म्हणाले होते.

सरांनी भिंग खिशात ठेवले आणि उठायचा प्रयत्न केला. गुडघ्याने नकार दिला.

"राहू द्या, सर," आबा गालिच्याचे दुसरे टोक उचलत प्रेमाने म्हणाले. "खाले बसेलच शेतस, तर तेवढं टोक धरा. झटकी लेऊत."