चिवड्याच्या तळाशी

मी एक जुना मोबाइल आहे. एका बापाचा आपल्या लेकीवरचा विश्वास माझ्या आधाराने उभा आहे. निदान मार्तंडराव पांढरीपांडे मला हातात धरून असंच काहीसं पुटपुटले, आणि मग त्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चिवड्याच्या डब्यात पुरलं.

मित्रांनो, माझा जन्म काही चिवड्यासाठी झाला नव्हता. नागपुरात, सीताबर्डीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात, दिव्याखाली मी झळकत असे. घरी आणल्यावर मार्तंडरावांच्या पत्नी सुमतीबाईंनी मला हळदकुंकू लावलं. त्यांच्या मुलीचे, मधुवंतीचे, ऑनलाइन वर्ग माझ्यावर झाले. तिचा बारावीचा निकाल माझ्यावरच लागला. तेव्हा मला टेबलावर ठेवतानासुद्धा लोक हात हलका ठेवत. पुढे माझी काच तडकली, नवा मोबाइल आला, आणि माझी रवानगी टीव्हीचा जुना रिमोट आणि गळके सेल यांच्या शेजारी ड्रॉवरात झाली. तिथं मला कोणी चार्ज केलं नाही. अशाने बॅटरी लवकर म्हातारी होते.

मग मधुवंतीने ठरवलं की, आपण एकटीने पचमढीला जायचं. मैत्रिणी नाहीत, कॉलेजची सहल नाही, एकटीच.

मार्तंडराव आधुनिक विचारांचे. सगळ्या अपार्टमेंटला त्यांनी सांगून ठेवलं होतं, “आम्ही लोकेशन वगैरे मागत नाही. विश्वास म्हणून काही असतो की नाही?” एवढं बोलून बसल्यावर लोकेशन मागायची सोय उरली नव्हती. म्हणून मला ड्रॉवरातून काढलं, चार्ज केलं, एक जादा सिम घातलं आणि सायलेंटवर ठेवलं. मी अजून त्यांच्याच खात्यावर असल्यामुळे मी जिथं जाईन तिथं त्यांच्या नकाशावर एक निळा ठिपका दिसणार होता. स्टीलच्या डब्यात मला रेंज येईना, म्हणून प्लास्टिकचा डबा. आणि चिवडा अशासाठी की चार दिवसांच्या सहलीत चिवड्याचा तळ कोणी गाठत नाही. निघायच्या दिवशी सकाळी, सुमतीबाई पुऱ्या तळत असताना, हे काम उरकलं. घरात कोणालाही कळलं नाही.

“आई, मी पचमढीला चालले, वनवासाला नाही,” खाऊची जड पिशवी उचलताना मधुवंती म्हणाली.

“भूक लागली की कळेल.”

“बाबा, तुम्ही सोडायला येऊ नका. करून राहिले ना मी सगळं माझं मी.”

“अगं, येतो कशाला? विश्वास आहे,” मार्तंडराव म्हणाले आणि खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला.

बसस्टँडवर मधुवंती बाकावर बसली. शेजारी काटोलचे रुपराव आणि त्यांच्या पत्नी गोपिकाबाई होत्या. डोळे तपासायला नागपूरला आलेलं हे म्हातारं जोडपं सकाळपासून उपाशी होतं. गप्पा झाल्या. पचमढीची बस लागली तशी पाठीवरची सॅक सावरत मधुवंतीने आमची पिशवी गोपिकाबाईंच्या मांडीवर ठेवली.

“घ्या आजी. आईनं अख्ख्या बसला पुरेल इतकं दिलंय.”

“अवं पोरी, तुले नाही लागत का?”

“मी तिकडं गरमागरम खाईन.”

मला ओरडावंसं वाटलं. पण मी सायलेंटवर होतो. मधुवंती सावनेरच्या रस्त्याला लागली आणि मी काटोलच्या.

यानंतर घरी काय झालं ते मला मार्तंडरावांच्या नव्या मोबाइलकडून कळलं. एकाच खात्यावरच्या मोबाइलांना एकमेकांपासून काही लपवता येत नाही.

मधुवंतीचा मेसेज आला, “बाबा, सावनेर गेलं.” मार्तंडरावांनी नकाशा उघडला. ठिपका काटोलच्या रस्त्यावर होता. उपग्रह चुकला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ठिपका काटोलात शिरला आणि थांबला. मग त्यांना आठवलं की, मधुवंतीचा काटोलचा एक वर्गमित्र मागे पिशवीभर संत्री घेऊन घरी आला होता. संत्री फार गोड होती. आता ते गोड असणंच त्यांना संशयास्पद वाटायला लागलं.

विचारायचं तर काय विचारायचं? “तू काटोलला काय करून राहिली?” असं विचारलं की, “तुम्हाला कसं कळलं?” हे आलंच. तरी न राहवून त्यांनी फोन लावला. मधुवंती संपर्कक्षेत्राच्या बाहेर होती. ठिपका मात्र तिथंच, हलत नव्हता. तेव्हा त्यांच्या मनात तिसरा विचार आला. मुलगी खोटं बोलत नसेल. तिला कोणी काटोलला नेलं असेल, आणि तो मेसेज तिच्या फोनवरून भलत्याच कोणी लिहिला असेल. ते स्वयंपाकघरात गेले.

सुमतीबाई वांगी चिरत होत्या. “आता घाट लागला असेल,” त्या म्हणाल्या. “तिकडं रेंज जाते. पोहोचेल ती.”

“तुला काळजी म्हणून नाहीच का?”

“तुम्हीच करून राहिले ना दोघांची.”

“मी जरा ऑफिसात जाऊन येतो.”

“रविवारी?”

“ऑडिट आहे.”

काटोलपर्यंत त्यांनी गाडी कशी चालवली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. इकडे माझी बॅटरी लाल झाली होती. मी विझलो असतो तर नकाशावरची त्यांची मुलगीच विझली असती. फळबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका अंगणात ते शिरले. रुपराव बाजेवर बसले होते.

“माझी मुलगी कुठं आहे?”

“कोन पोरगी जी? बसा ना, पानी प्या.”

“पाणी नको! मुलगी कुठं आहे माझी?”

बोलता बोलता त्यांना खुंटीवर पिशवी दिसली. पिशवी इथं, आणि मुलगी नाही. मार्तंडरावांनी तिथल्या तिथं माझा नंबर लावला. खुंटीवरची पिशवी थरथरायला लागली.

“अवो माय!” गोपिकाबाई बाहेर येत म्हणाल्या. “चिवडा घुरघुर करून राहिला!”

रुपरावांनी डबा उपडा केला. शेंगदाणे, खोबरं, कढीपत्ता आणि सगळ्यांत शेवटी, फाटलेल्या प्लास्टिकसकट, मी.

“काहून जी साहेब,” रुपराव मला निरखत म्हणाले, “तुमच्याकडं चिवड्यात मोबाइल टाकतेत का?”

मग सगळा उलगडा झाला. “आमच्या देखत बसली ना गाडीत,” गोपिकाबाईंनी सांगितलं. “खिडकीतून टाटा केला. लय गुनाची हाय पोरगी. तिच्यावर काहून पाळत ठेवता?”

मार्तंडराव पाणी प्यायले. दोन तांबे.

परत येताना रस्त्यात फोन वाजला. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

“पोहोचले बाबा. घाटात रेंजच नव्हती.”

“काही खाल्लंस?”

“हो, आईचा चिवडा खाल्ला ना. मस्त झाला होता.”

मार्तंडरावांनी शेजारच्या सीटवर माझ्याकडे पाहिलं. माझ्या चार्जिंगच्या भोकात डाळ्याचा तुकडा अडकला होता. ते बोलू शकले असते.

“बरं,” ते म्हणाले.

“तुम्ही कुठे आहात? ट्रकचा आवाज येतोय.”

“ऑफिसात.”

“रविवारी?”

“ऑडिट.”

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या मोबाइलला ड्रॉवरात मरू देऊ नका. अधूनमधून चार्ज करा, मऊ फडक्याने पुसा. मिठाच्या पदार्थात ठेवू नका. आणि कोणाची काळजी वाटत असेल तर त्याला सरळ विचारा. माझ्यासारख्याकडून ते काम करून घेऊ नका. मी कुठं आहे एवढंच मी सांगू शकतो.

मधुवंतीचं लाइव्ह लोकेशन बस सुटल्यापासून घरच्या ग्रुपवर होतं. तो ग्रुप मार्तंडरावांनी म्यूट केलेला आहे.