घासलेल्या कड्या

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पोरीच्या हाती बंदूक दिली तर कुणाच्या पोटात दुखत नाही. माझ्या नवऱ्याच्या, विश्वजितच्या, दुखतं. चेन्नईजवळ ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्रिचीला माझी निवड चाचणी होती, दुर्बीण लावलेल्या छऱ्याच्या रायफलची. दुर्बीण ज्या दोन कड्यांत बसते, त्या आतून खरखरीत पेस्ट लावलेल्या लोखंडी दांड्याने घासायच्या असतात. पण बेतानं. जास्त घासल्या की पकड जाते आणि नेम बोंबलतो. माझ्या होत आल्या होत्या. ओट्यावर ठेवून मी टी. नगरला जाऊन आले, तर हा घासतच होता.

"बघ, आरसा केला," म्हणाला.

मी दुर्बीण ठेवून स्क्रू आवळले. तरी ती बोटाने गरगर फिरली.

"एवढं कळत नाही तुला?"

"कळतं. म्हणूनच घासल्या. आता बस घरी."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या थोबाडीत दिली. त्याने दांडा माझ्या डाव्या हातावर हाणला. दोन बोटं कडकन वाजली. मी त्याच्या मनगटाला रक्त येईतो चावले, तेव्हा दांडा सुटला. त्याने माझे केस धरून कपाळ ओट्यावर आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं, तशीच मी दांडा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो सिलिंडरपाशी कोसळला. मग घासणाऱ्या उजव्या हातावर एक घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो विव्हळत होता. मी दातांनी वायरची काळी टेप तोडली, कड्यांच्या आत चिकटवली आणि एका हाताने स्क्रू आळीपाळीने आवळले. दुर्बीण हलेना.

दारात सासूबाई उभ्या होत्या. संसारात सोसावं लागतं, हे त्यांचं रोजचं पालुपद. त्यांनी बर्फ काढला. मला वाटलं, लेकासाठी. तो त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्या बोटांना बांधला.

"सहाची बस ना? नीघ."

"आई, दवाखान्यात काय सांगाल?" मी विचारलं.

"बाथरूममध्ये पडला म्हणेन. ह्याचे वडील माझ्याबद्दल जन्मभर हेच सांगायचे. कुणी उलटून विचारलं नाही."