बुटातला वाघ

मी एक जुना वाघ आहे. घाबरू नका, मित्रांनो! माझा घेर तुमच्या अंगठ्याच्या नखाहून किंचित मोठा, आणि मी अस्सल सोन्याचा आहे. टांकसाळीत यंत्राने एकच दणका दिला आणि माझ्या पाठीवर पट्टे उमटले. त्या दणक्याचा मला अजून अभिमान वाटतो.

चिनी पंचांगातल्या बारा वर्षांना बारा प्राणी असतात. सिंगापूरचे क्वेक बून टेक आजोबा, जन्मभर बस चालवलेले, दर वर्षी त्या प्राण्याचे सोन्याचे नाणे घेत. सुती हातमोजे घालून, श्वास रोखून ते एकेकाला पेटीतल्या खाचेत बसवीत. अकरा खाचा भरल्या होत्या. बारावा मी, नवे वर्ष उजाडण्याआधीच दुकानात आलेला.

मला पाहताच गेक नेओ आजी कडाडल्या, "काय हो म्हातारबा, डोकं ठिकाणावर आहे ना? माझं साल माकडाचं. वाघाचं न् माकडाचं सात जन्मांचं वैर! तो आत आला तर मी बाहेर."

"अगं, नखाएवढा तर आहे."

"विंचूही एवढाच असतो!"

त्यात सून श्यू फेनचे दिवस भरत आले होते. बाळ सरत्या वर्षात आले तर बैलाचे, नव्या वर्षात आले तर वाघाचे. आजींनी बजावले, "बैल झाला की हा वाघ दुकानात परत. आणि वाघच झाला, तर मी चालले धाकट्या लेकीकडे राहायला!" तोवर माझी रवानगी दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, पारदर्शक डबीसकट आजोबांच्या जुन्या बुटात झाली. सोन्याचा असून नशिबी जोडा! मी फार हिरमुसलो.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले, मासा वाढला गेला आणि श्यू फेनला कळा सुरू झाल्या.

"आटप गं पोरी, बैल निघाला!" आजींनी तिला हाताला धरून उठवले. खाली टॅक्सी आली. घाईत आजोबांनी हाताला लागले ते बूट पायांत कोंबले. माझी डबी कडकन तडकली.

"आई गं!" आजोबा विव्हळले.

"आता तुम्हाला कसल्या कळा?" आजी ओरडल्या.

आजोबा लंगडत निघाले. बैल काही थांबला नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी दवाखान्यात मुलगी झाली. वाघीण! आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या. आजोबांनी बूट काढून मला तळहातावर घेतले. माझा जीव टांगणीला लागला होता. आजी गेल्या, तर मला घेऊन आजोबा काय करणार होते?

श्यू फेनचा डोळा लागला होता. बाळ रडू लागले. आजोबांनी एका हाताने थोपटून पाहिले, पण छे!

"आधी मान धरा! बस नाही चालवायची!" आजींनी झडप घालून बाळ उचलले. बाळाने त्यांचे बोट घट्ट धरले आणि ते गप्प झाले. आजींचे डोळे भरून आले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ह्याला कुठे ठेवला होतात?"

"बुटात. तूच म्हणालीस ना..."

"माझ्या नातीचा वाघ बुटात? लाज नाही वाटत?"

त्या दिवशी मी आजींच्या कनवटीला बसून घरी आलो. माझ्या शेपटीवर बुटातला ओरखडा आहे. नवी डबी देताना दुकानदार हळहळला, "भाव उतरला हो." आजोबा म्हणाले, "विकायचाय कुणाला?" पेटीत सहा-सहाच्या दोन ओळी आहेत. नेमके माझ्यासमोर माकड येते. आजींनी ते तसेच ठेवले.

मित्रांनो, नाणी जरूर जमवा. त्यांना कडेने धरा, ओल्या हाताने शिवू नका. पण कुणाचे साल पाहून त्याला दाराबाहेर ठेवू नका.

ती नात, यी शुआन, आता आजींपेक्षा उंच झाली आहे. आजींचे गुडघे दुखतात, म्हणून बाजारात ती त्यांचा हात धरते. शेजारीण विचारते, "का हो, वाघ घरात चालतो तुम्हाला?"

आजी म्हणतात, "चालतो? अगं, त्याच्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही!"