वळणाचा जिना

"पाठीवर? नवऱ्याच्या पाठीवर कधी बसले नाही, आणि आता या परक्याच्या?" फुटपाथवर, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून आई फ्रेंचमध्ये ओरडली.

"ती विचार करतेय," मी त्या गृहस्थाला इंग्रजीत सांगितलं.

गृहस्थाचं नाव वेंडल स्ट्राउड. नेब्रास्काचा, साठीचा, पोती शिवायचा दोरा विकणारा. जन्मात पहिल्यांदा देशाबाहेर पडला, आणि कंपनीने त्याची भेट ठरवली ती नेमकी एक जुलैला! त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, आणि भाडेकरार संपल्यामुळे निम्मं मॉन्ट्रियल घर बदलत असतं. बंद कार्यालयाचं दार वाजवून झाल्यावर तो शहर बघायला निघाला. शहराने त्याला दाखवल्या त्या गाद्या, फ्रीज आणि घामाघूम माणसं. आमच्या दाराशी थांबला आणि न विचारता कपाटाचं एक टोक उचलून मोकळा झाला. एकट्याने हॉटेलात जेवण्यापेक्षा हे बरं, म्हणाला.

सामान वर गेलं. आई राहिली. तळमजल्याचं आमचं घर मालकाने मुलासाठी मागून घेतलं होतं आणि याच गल्लीत मिळालं ते हे वरचं. आईचे गुडघे कामातून गेलेले, आणि घराबाहेरचा लोखंडी जिना गर्रकन वळत चढणारा. माझा भाऊ नॉर्मां आणि त्याच्या मित्राने तिला खुर्चीसकट दोनदा उचलून बघितलं. दोन्ही वेळा खुर्ची वळणावर अडकली आणि आईने कठडा धरला तो सोडेचना.

"मिरेय, बास आता," नॉर्मां मला म्हणाला. "वृद्धाश्रमवाल्यांनी खोली आज संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलीय. मी त्यांना हो म्हणून टाकतो."

"टाक ना! मला पोत्यात भर आणि दे पाठवून," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र चिरकला. या गल्लीत ती जन्मली, इथेच नांदली. तिला दुसरीकडे झोप लागणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वेंडलने काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. त्याने कोट काढून कुंपणावर टाकला आणि तो आईपुढे पाठ करून उकिडवा बसला. त्यावरच आई ओरडली होती.

"माझी बायको शेवटचं वर्षभर अशीच माडीवर झोपायला जायची," तो म्हणाला. "यांना म्हणावं, बोलत राहा. ती बोलायची, मग मला पायऱ्या कळायच्या नाहीत."

मी ते फ्रेंचमध्ये सांगायला तोंड उघडलं, तोच आई पुढे झुकली आणि त्याच्या गळ्यात हात टाकून कानात स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "पाडलंत तर बघा हं, पाहुणे."

मी थक्क. 'मला इंग्रजी येत नाही' म्हणत हिने जन्मभर सगळ्या गल्लीला बनवलं होतं!

वेंडल उठला, डुलला, सावरला आणि चढू लागला. मागे नॉर्मां हात पसरून, पांढराफटक. समोरच्या घरचे सोफा अधांतरी धरून बघत राहिले.

"ते हिरवं दार दिसतंय?" आई सुरू झाली. "तिथल्या गास्तोंने मला मागणी घातली होती. मी नाही म्हटलं. पाय फेंगडे होते मेल्याचे."

वळण आलं. वेंडल थांबला. त्याच्या मानेवरच्या शिरा तटतटल्या. मला वाटलं, संपलं.

"बोला, बाई," तो धापा टाकत म्हणाला. "मग काय केलं त्याने?"

"माझ्या बहिणीला विचारलं!"

"आणि तिने?"

"केलं की लग्न! मुलंसुद्धा फेंगडी!"

तो हसला, आणि त्या हसण्यासरशी वळण पार झालं. शेवटच्या पायऱ्या तो जवळजवळ धावलाच. सोफा धाडकन खाली आपटून समोरच्यांनी टाळ्या पिटल्या. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. आई गॅलरीत बसून मान हलवत सगळ्यांचा मुजरा घेत होती. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

घर बदलायला हात लावेल त्याला पिझ्झा आणि बिअर, हा इथला रिवाज. वेंडल खोक्यावर बसून जेवला.

"बायको चढताना काय बोलायची?" आईने विचारलं.

"रोज एकच. 'वेंडल, खालचा दिवा मालवलास का?'"

"मालवलेला असायचा?"

"छे. तिला निजवून पुन्हा खाली जायचो." तो हसला आणि रिकामी ताटली हातात फिरवत राहिला. आईने आपल्या ताटलीतला मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

निघताना तो म्हणाला, "मी गुरुवारपर्यंत आहे. खाली यायचं झालं तर सांगा."

"खाली? आता मी उतरेन ती चौघांच्या खांद्यावरून," आई म्हणाली. "घाई नाही. आत्ता तर कुठे वर आलेय."

नॉर्मां आत गेला. आतून त्याचा फोनवरचा आवाज आला, "नको, ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. नाही हो, बरी आहे ती. घरीच आहे."