लाल दोऱ्याची बाटली

कुरखेड्यात देवाजींच्या स्वयंपाकघरात, लाकडी पाटावर उभा असलेला हा लाल फ्रीज म्हणजे मीच, मित्रांनो. दाराच्या खालच्या कडेला गंज चढलाय. आतला दिवा कधीचाच गेला. तरी माझ्यात थंडावा अजून शिल्लक आहे, हे पटवून देताना मात्र माझी पार अब्रू पणाला लागली होती.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते वडशाहून टेम्पोतून हिंदकळत इथे येणं. अख्खी गल्ली बघायला जमली होती! पोरं दार किलकिलं करून आतला दिवा खरंच विझतो का ते बघायची आणि देवाजींच्या बायकोचे, सीताबाईंचे, धपाटे खायची.

त्या उन्हाळ्यापासून एक रीतच पडली. जंगलात विडीचा तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बाया पहाटे आपापली पाण्याची बाटली माझ्यात ठेवायच्या आणि दुपारी उन्हातून परतल्या की घेऊन जायच्या. ओळख पटावी म्हणून कुणी बाटलीला बांगडी अडकवायची. शेजारच्या मंगलीच्या बाटलीला लाल दोरा असायचा. वाटपाचं काम देवाजींचं.

“घे वं मंगली, तुयी बाटली. बरफावानी झाली!”

काय दिवस होते ते! दार उघडलं की माझ्याआधी देवाजींचाच चेहरा उजळायचा.

पुढे देवाजींना साखरेचा आजार जडला आणि त्यांचं इन्सुलिन माझ्या मधल्या फळीवर आलं. त्यांच्या मुलाला, नागसेनला, आम्हा दोन्ही म्हाताऱ्यांची काळजी वाटू लागली.

“आई, फ्रीज जुना झाला. कायले एवढा लोड देऊन राह्यलो त्याले? अन् बाबाले बी किती उठबस!”

त्याने सगळ्या बाटल्या परत पाठवल्या. मायेनेच केलं त्याने, म्हणून मला रागावताही येईना. मी रिकामा उभा राहिलो आणि देवाजी खाटेवर गप्प बसून राहू लागले.

मग एकदा वादळात लाईन गेली. ती परत येईपर्यंत इन्सुलिन तापून गेलं होतं. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही; तेच निकामी औषध टोचलं गेलं. देवाजींची साखर इतकी चढली की त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. ते घरी परतले त्या दिवशी नागसेन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा भंगारात देऊन टाकू. नवा आणू.”

माझी मोटर तेव्हा जरा जास्तच थरथरली.

“थांबा जरा,” त्याची बायको रिना म्हणाली. “नवा आणला तरी लाईन जाणारच. हा किती लवकर गरम होते, ते तर मोजू.”

तिने लांब वायरचा थर्मामीटर आणला. वायरचं टोक इन्सुलिनच्या जागी ठेवलं, आकडा बाहेर दिसेल असा. आकडा आठ अंशांच्या वर गेला की औषध धोक्यात. तिने प्लग काढला, आणि थोड्याच वेळात देवाजींनी आत डोकावायला दार उघडलं.

“बाबा, दार काऊन उघडलं? बाहेरची गरमी आत गेली ना!” रिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी. या खेपेला दाराला कुणी हात लावला नाही. तरी स्वयंपाक आटोपायच्या आतच आकडा आठ ओलांडून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पाह्यलं?” नागसेन म्हणाला.

रिना माझ्या रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिली. “पहिले यात गल्लीच्या बाटल्या राहात होत्या. तसाच भरून पाहू.”

सांगायचा अवकाश, बाटल्या आल्या. लाल दोऱ्याची सगळ्यात आधी. रात्रभर मी जीव लावून त्या गार केल्या. सकाळी प्लग निघाला. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, भांडी झाली, बाया जंगलातून परतल्या, तरी आकडा आठाला टेकला नव्हता! संध्याकाळी नागसेनने माझ्या दाराचं झिजलेलं रबर तेवढं बदललं.

इतकी वर्षं मला वाटायचं, मीच त्या बाटल्यांना गार ठेवतो. लाईन गेली की त्याच आपल्या गारव्याने मला सांभाळत होत्या.

आता लाईन गेली की तहानलेली मंगलीसुद्धा दार उघडू देत नाही. “राहू द्या भाऊ. आमी गरम पाणी पिऊ. तुमची दवाई गार राहू द्या.” लाईन आली की देवाजी खाटेवरून उठतात, बाटल्या वाटतात, आणि पूर्वीसारखे हसतात.

मित्रांनो, घरातल्या जुन्याचा भार जरूर हलका करा. पण कशाच्या आधारावर तो उभा आहे, ते आधी बघा.