गिरिधर सरांचे देव

रितिका आत्रामने सूड घ्यायचं मनाशी पक्कं केलं तेव्हा ती आश्रमशाळेत पाचवीत होती, आणि तो घेतला तेव्हा नागपुरात एम.ए. करत होती. मधल्या काळात राग निवतो, माणूस मोठ्या मनाचं होतं, असलं काहीबाही लोक सांगतात. रितिकाने तो निवू दिला नाही. चुलीवरची डाळ अधूनमधून ढवळावी तसा ती तो ढवळत राहिली, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. का वाटावी?

संधी चालून आली ती जागतिक आदिवासी दिवसाला. तिची वर्गमैत्रीण प्रीती, नागपुरातल्याच हुडकेश्वरची, मोठी खटपटी पोरगी. गोंड, कोलाम, कोरकू पोरापोरींनी भर सभागृहात आपापल्या भाषेत बोलायचं, मग तेच मराठीत सांगायचं आणि शहराने ऐकायचं, ही कल्पना तिचीच. तिने आपल्या वस्तीतले, विहारातले, कॉलेजातले लोक गोळा केले आणि गावांकडून आलेल्यांच्या मध्येमध्ये मुद्दाम बसवले, म्हणजे शेजारी शेजाऱ्याशी बोलेल. सभागृह एका संस्थेने फुकट दिलं. अट एवढीच, की त्यांचा ‘समाजभूषण’ पुरस्कार त्याच मंचावर व्हावा. भूषण कोण? तर आश्रमशाळेचे निवृत्त अधीक्षक, आदिवासी समाजाचे सुपुत्र, गिरिधर सर. निवेदन रितिकाकडे होतं. सरांच्या खांद्यावर समाजाचा पिवळा दुपट्टा घालायचा, तोही तिनेच.

नाव वाचून रितिकाची कानशिलं तापली, आणि मग ती हसली. प्रीतीला ते हसू काही कळलं नाही.

या सुपुत्राचा पराक्रम असा. जिवतीच्या डोंगरातल्या एका गावातून रितिका आणि तिचा धाकटा भाऊ अंकुश आश्रमशाळेत आले. अंकुश पहिलीत. गोंडीखेरीज त्याला एक शब्द येत नव्हता, आणि सरांचा नियम होता की आवारात गोंडी बोलायची नाही. एका दुपारी पोरगा तापाने फणफणला आणि सरांपाशी जाऊन आपल्या भाषेत सांगू लागला. सर म्हणाले, “माणसासारखं बोल, मग ऐकतो,” आणि मराठीत सांगेपर्यंत त्याला अंगणात उन्हात उभं केलं. रितिका वर्गाच्या खिडकीतून ओरडून ओरडून त्याला शब्द पुरवत होती, ‘ताप आला’ म्हण, ‘ताप आला’. त्याच्या तोंडून ते काही निघालं नाही. तो तिथेच कोसळला.

पोरगा वाचला, पण त्याची गोंडी गेली ती गेलीच. सुटीत घरी आला की माय गोंडीत विचारायची, जेवलास का, आणि हा शिकलेल्या तुटक्या मराठीत उत्तर द्यायचा. मायला मराठी येत नाही. ती रितिकाच्या तोंडाकडे बघायची, आणि सख्ख्या मायलेकांमध्ये रितिका दुभाषी व्हायची. आता अंकुशला मिशा फुटल्या आहेत, तो हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, बहिणीसोबत तिथेच खोली करून राहतो. मायचा फोन आला की अजूनही बहिणीच्या हातात देतो.

आपल्याच समाजाचा माणूस आपल्याच भाषेवर एवढा का उखडतो, हे रितिकाला कित्येक वर्षं उमगलं नव्हतं. गावचे गोपाळराव दवाखान्यासाठी नागपुरात आले, तेव्हा बोलता बोलता त्यांनी ते सोडवलं. “तो सर नवा आला होता, तवा मी त्याले विचारलं, किती देवे गा तू? त्यानं मले फाटकाबाहेर काढलं.”

गोंड माणूस अनोळखी गोंडाला भेटला की आधी नाव, गाव आणि किती देवे ते सांगतो. कुणी चार देवे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. आकडा जुळला तर भाऊबंद, नाही जुळला तर सोयरा. लग्न कुठे जमतं, थट्टा कुणाची करायची, मयताला कुणी पुढे व्हायचं, सगळं त्यावर ठरतं. नुकतं बोलू लागलेलं पोरही ते सांगतं. सरांना ते सांगता येत नव्हतं, कारण ते गोंड नव्हतेच; त्यांचं आडनाव गोंडांतही निघतं आणि इतरांतही. त्या आडनावावर त्यांनी आदिवासींची राखीव नोकरी लाटली होती. पोरं आवारात गोंडी बोलली असती, तर एखाद्या दिवशी एखाद्या पोराने सरांनाही गोंडीत काही विचारलं असतं आणि सरांचं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून तो नियम. भाषेचा द्वेष होता म्हणून छळलं असतं, तर ते निदान समजलं तरी असतं. या माणसाने आपली खुर्ची टिकवायला एका कोवळ्या पोराची जीभ घेतली होती. ते कळलं तेव्हा रितिकाच्या रागाला धार चढली.

कार्यक्रमाआधी तिने हे सगळं प्रीतीला सांगितलं. “मी त्याले एकच गोष्ट विचारणार हाय.”

प्रीती म्हणाली, “तमाशा होईन वं. माह्या वस्तीतले लोक पहिल्यांदा तुमची भाषा ऐकाले येऊन राहिले. ते काय भांडण पाहून जातीन?”

“तमाशा काहून होईन? रीत हाय. आपल्या माणसाले दुपट्टा घालाच्या आधी विचारतेच.”

“अन् त्याले सांगता आलं तर?”

“तर मी त्याच्या पाया पडीन,” रितिका म्हणाली, आणि ती पडलीही असती.

कार्यक्रम रंगला. रितिका स्वतः आधी गोंडीत बोलली, मग मराठीत, आणि लोकांनी कान देऊन ऐकलं. मग सर उठले. या लेकरांसाठी आयुष्य झिजवलं, म्हणाले, यांना माणसात आणलं. रितिकाला त्यांनी ओळखलं नव्हतं. एवढ्या पोरांतून कोण कुणाला ओळखतो.

भाषण संपलं तशी ती दुपट्टा घेऊन समोर गेली, वाकून ‘जय सेवा’ असा गोंडी नमस्कार केला, आणि माइक तोंडाशी ठेवूनच गोड आवाजात म्हणाली, “मी रितिका आत्राम, सहा देवे. सर, आपण किती देवे?”

सर मायेने हसले. “बेटा, मी सगळेच देव मानतो. भेदभाव आपल्या रक्तात नाही.”

अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

“तरी किती, सर?”

“तेहतीस कोटी म्हणतात. त्यातले मोजायचे तरी किती?”

अर्धं सभागृह हसलं. उरलेलं अर्धं जागचं हललं नाही. हसणाऱ्यांना हळूहळू जाणवलं, की शेजारचा हसत नाहीये. ते वाकून विचारू लागले, काय झालं गा, काय झालं वं, आणि शेजारचे त्यांना सांगू लागले. रांगेमागून रांग हसू मावळत गेलं. शहर आणि डोंगर एकमेकांशी इतकं मन लावून क्वचितच बोलले असतील, आणि विषय होता गिरिधर सर. रितिकाने सरांना घाम फुटताना पोटभर पाहिलं.

मग तिने दुपट्टा घडी करून आपल्याच खांद्यावर टाकला. “हा आपल्या माणसाला असतो. पाहुण्यांना शाल असते. प्रीती, शाल आण.”

प्रीतीने शाल आणली. नाही म्हणाली असती तर तमाशा टळला असता, हे तिलाही कळत होतं.

पुढची बोलणारी कोलामांची मिनल. तिने आपलं नाव, देव, गाव सांगितलं आणि बोलायला लागण्याआधी सरांकडे वळून अदबीने विचारलं, “आपलं, सर?” तिच्यानंतरच्या कोरकू मुलाने आपलं गोत्र सांगितलं आणि तेच विचारलं. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. तिसरी मुलगी माइककडे निघालेली पाहून सर शालीसकट उठले आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागले. त्यांना थांबवायला कुणी उठलं नाही.

दारात अंकुश उभा होता, पाळी संपवून तसाच कंपनीच्या कपड्यांत आलेला. सरांनी त्यालाही ओळखलं नाही. “बेटा, पार्किंगकडे कुठून जायचं?”

अंकुशने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि उत्तर दिलं. गोंडीत दिलं. पायऱ्या उतरा, डावीकडे वळा, लिंबाच्या झाडामागे. सर बघतच राहिले, तेव्हा त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश. मिशा असलेल्या माणसाच्या तोंडून पहिलीतल्या पोराची गोंडी येत होती, तेवढीच त्याच्यापाशी उरली होती, पण शब्द एकही चुकला नाही.

सभागृहात इतकी शांतता होती, की रितिकाला मंचावर सगळं ऐकू आलं. तिच्या डोळ्यांना धार लागली. सरांनी गोंधळून मागे वळून पाहिलं, हा काय म्हणतो ते कुणीतरी सांगेल म्हणून. माइक रितिकाच्या हातात होता. तिने सांगितलं नाही.